जीएनएमला केमिस्ट्रीची अट नाही. मग मुलींनी ती शिकावी का?

अभ्यासिका_हडपसर
हडपसरच्या आमच्या अभ्यासिकेत नर्सिंगला जायचं ठरवलेल्या मुलींचे यंदा दोन गट आहेत. काहींची दहावी झालीय, अकरावीची शाखा ठरायचीय. काही बारावी आर्ट्स करून जीएनएमच्या (जनरल नर्सिंग, नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला जाणार आहेत. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के हवेत. म्हणजे केमिस्ट्रीवाचून प्रवेश अडत नाही. पालकांचा सवाल सरळ आहे: लागतच नाही तर सायन्सचा घाट कशाला घालायचा? दुसऱ्या गटाचा प्रश्न उलटा आहे: वर्ग सुरू व्हायला अवकाश आहे, तेवढ्यात केमिस्ट्रीचं काही वाचून घ्यावं का, आणि घ्यायचं तर नेमकं काय? ज्यांनी शिकवलंय किंवा वॉर्डात काम केलंय त्यांनी तपशिलात लिहावं. 'सायन्स केलेलं बरं असतं' एवढ्यावर पालक ऐकत नाहीत.

ट्यूटर_नर्सिंग
आधी दारं कुठली उघडतात आणि कुठली बंद होतात ते बघू.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी चारही लागतात, खुल्या वर्गाला एकत्रित ४५ टक्के, राखीवला ४०. चार वर्षांचा कोर्स. जीएनएम तीन वर्षांचा, त्याला शाखेची सक्ती नाही. जीएनएम करून नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत होते, तिथेही बारावीची शाखा आडवी येत नाही. म्हणजे आर्ट्सवाली मुलगीसुद्धा पदवीपर्यंत पोचते, फक्त चारऐवजी पाच वर्षं लागतात.

आता अभ्यासक्रम. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला बायोसायन्समध्ये ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी आहे. केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री असा वेगळा पेपर नाही. बी.एस्सी.ला २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड बायोकेमिस्ट्री आहे, ४० तासांची. आणि पोस्ट बेसिकच्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री व बायोफिजिक्स येतंच. जीएनएमला नसलेला विषय तेव्हा पहिल्यांदा समोर येतो, तोही नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईसमोर. आर्ट्सवाल्या मुली पोस्ट बेसिकला अडखळतात त्या बहुतेक इथेच.

एक गैरसमज आधीच दूर करते. बारावी आर्ट्स झालेल्या मुलीनं मुक्त विद्यालयातून (एनआयओएस, केमिस्ट्रीचा कोड ३१३) एकटी केमिस्ट्री केली तर बी.एस्सी.चं दार उघडत नाही. फिजिक्स आणि बायॉलॉजीही हवंच. नुसत्या एका विषयाचा कागद मिळवण्यासाठी फी आणि प्रॅक्टिकलचे हेलपाटे घालू नयेत. ज्ञानासाठी करायचं असेल तर त्याला परीक्षेची गरज नाही.

गणित_आधी
मी वेगळं मत मांडतो. मुलगी मुळात सायन्समध्ये कच्ची असेल तर तिला केवळ 'पुढे उपयोग होईल' म्हणून अकरावी सायन्सला घालणं धोक्याचं आहे. बारावी सायन्सला ३८ टक्के पडले तर जीएनएमचीही ४० ची अट हुकली. तीच मुलगी आर्ट्सला ६० टक्के घेऊन आरामात पात्र ठरली असती. जी पात्रता हातात होती ती घालवायची कशाला?

दुसरं, वॉर्डात औषधाच्या ज्या चुका होतात त्यांचं मूळ मोलमध्ये (पदार्थातले कण मोजायचं रसायनातलं एकक) कमी आणि साध्या गुणाकार-भागाकारात जास्त आहे. तीन नमुने देतो.

इन्शुलिन: आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायल आहेत आणि १०० च्याही. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. ४० च्या व्हायलमधलं औषध १०० च्या सिरिंजनं '२० च्या रेघेपर्यंत' ओढलं तर ०.२ मिली येतं, म्हणजे ८ युनिट. उलट केलं तर २० च्या जागी ५०.

ॲड्रेनॅलिन: १:१००० म्हणजे १ ग्रॅम १००० मिलीत, म्हणजे एका मिलीत १ मिलिग्रॅम. १:१०,००० म्हणजे मिलीत ०.१ मिलिग्रॅम. शून्य चुकलं की दहापट.

थेंब: ५०० मिली चार तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा, त्याला १२५.

यात केमिस्ट्री कुठे आहे? पाचवी-सहावीचं प्रमाण आहे. आधी हे पक्कं करा.

वॉर्ड_ते_आयसीयू
गणित_आधी यांची तिन्ही उदाहरणं बरोबर आहेत आणि मुलींकडून ती रोज घोटून घ्यावीत. पण फक्त गणित येणाऱ्या सिस्टरला 'किती' एवढंच कळतं, 'का' कळत नाही. आणि 'का' कळलं नाही की डोळ्यांसमोर घडणारी चूक दिसत नाही.

पोटॅशियम क्लोराइड घ्या. १० मिलीचा ॲम्प्यूल (काचेची बंद कुपी), त्यावर १५ टक्के लिहिलेलं. १५ टक्के म्हणजे १०० मिलीत १५ ग्रॅम, १० मिलीत दीड ग्रॅम, १५०० मिलिग्रॅम. केसीएलचं रेणुवस्तुमान ७४.५ (पोटॅशियम ३९, क्लोरीन ३५.५). १५०० भागिले ७४.५ म्हणजे २० मिलीमोल. पोटॅशियमची संयुजा १, म्हणून तेच २० मिलीइक्विव्हॅलंट (मिलीमोल गुणिले संयुजा). डॉक्टर ऑर्डर लिहितात मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, ॲम्प्यूलवर ठळक असतात टक्के. हा पूल ज्या मुलीनं स्वतः बांधलाय ती '२० मिलीइक्विव्हॅलंट' वाचून २० मिली ओढणार नाही. पाठ केलेला आकडा रात्री तीनला निसटतो.

पुढचं. ५०० मिली सलाइनमध्ये एक ॲम्प्यूल, चार तासांत: तासाला ५ मिलीइक्विव्हॅलंट, संहती (द्रावणातलं प्रमाण) लिटरला ४० च्या आसपास. हातावरच्या शिरेतून साधारण हीच वरची हद्द धरतात, आणि वेग तासाला १० च्या वर मॉनिटरशिवाय नेत नाहीत. ॲम्प्यूल थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं.

यात एक गोष्ट गणितानं पकडता येत नाही. केसीएलचं घट्ट द्रावण सलाइनपेक्षा जड असतं. लटकलेल्या बाटलीत सुईनं सोडलं की ते न ढवळलेल्या सरबतातल्या साखरेसारखं तळाशी, म्हणजे नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं. हिशोब बिनचूक, लेबल बिनचूक, आणि पेशंटला पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ सगळं पोटॅशियम. म्हणून क्लॅम्प बंद करायचा, बाटली खाली काढायची, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं, मगच टांगायची. घनता हा शब्द समजलेली मुलगी यातली एकही पायरी गाळणार नाही.

औषधविक्रेता_सदाशिव
माझ्या मते नर्ससाठी केमिस्ट्रीचा सर्वांत मोठा उपयोग एकाच लाइनमध्ये काय भेटू द्यायचं नाही हे ओळखण्यात आहे. नववीतलं आम्ल-आम्लारी आणि 'अवक्षेप' (द्रावणातून बाहेर पडणारा घन पदार्थ) एवढ्यावर निम्मं काम होतं.

फेनिटॉइन: फिटचं हे इंजेक्शन तीव्र आम्लारिधर्मी, पीएच १२ च्या घरात. तेवढ्या पीएचलाच ते विरघळून राहतं. डेक्स्ट्रोजची बाटली आम्लधर्मी. त्यात घातलं की पीएच उतरतो, औषध स्फटिक होऊन बाहेर पडतं, बाटली दुधाळ दिसते किंवा सुया तरंगतात. म्हणून फक्त नॉर्मल सलाइन, लाइन आधी आणि नंतर सलाइननं धुवायची, मोठ्या माणसात मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर वेग नाही.

कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब: एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे नळीत खडू. हृदय बंद पडल्यावर गडबडीत दोन्ही एकामागून एक जातात, मध्ये फ्लश राहून जातो.

सेफ्ट्रियाक्झोन आणि कॅल्शियम: सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक कॅल्शियमबरोबर अविद्राव्य क्षार करतं. रिंगर लॅक्टेटमध्ये (आरएल, सलाइनचा एक प्रकार) कॅल्शियम आहे, हे नव्या मुलींच्या लक्षात येत नाही, कारण नावात ते नाही. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियमयुक्त सलाइन चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रियाक्झोन द्यायचंच नाही. मोठ्यांना एका वेळी एकाच लाइनमधून नाही, मध्ये लाइन नीट धुवायची. पावडर आरएलमध्ये कालवायची नाही.

फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं) आम्लारिधर्मी, मिडाझोलॅम (गुंगीचं) आम्लधर्मी. वाय-साइटला, म्हणजे दोन नळ्या जुळतात तिथे, भेटले की पांढरं.

रक्ताबरोबर आरएल का नाही? पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. आरएलमधून वरचं कॅल्शियम आलं की नळीत गुठळ्या होऊ शकतात. डेक्स्ट्रोजही नाही, तांबड्या पेशी चिकटतात, फुटतात. फक्त नॉर्मल सलाइन.

ही यादी पाठ करून संपत नाही, रोज नवीन औषध येतं. पण 'हे आम्लधर्मी, ते आम्लारिधर्मी, थांब, आधी विचारू' एवढी शंका मनात आली तरी पुरे. शंका आली की फार्मसीला फोन, अंदाजावर काही नाही.

अभ्यासिका_हडपसर
फार उपयोगी. 'नळीत खडू' पालकांना एका वाक्यात सांगता येईल. आता असं विचारते: दोन वर्षांच्या सायन्समधलं हे नेमकं किती? आमच्या मुली मराठी माध्यमाच्या आहेत, बारावीचं इंग्रजी पुस्तक दिलं तर पहिल्या पानावरच मिटतील.

रसायन_ज्यु_कॉलेज
बारावी तर सोडाच, अकरावीपासूनही सुरुवात करू नका. बालभारतीचं नववीचं विज्ञान घ्या, मराठीतलं. त्यात 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा आहे, रेणुवस्तुमान, मोल, संयुजा सगळं तिथे. पुढचाच धडा 'आम्ल, आम्लारी व क्षार'. मग दहावी भाग १ मधला 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे', त्यात अवक्षेप आणि ऑक्सिडीकरण-क्षपण. हे तीन धडे उदाहरणांसकट सोडवायचे. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, छापील हवं तर अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते.

ते जमलं की बारावीतले चार धडे, तेही पूर्ण नाही. द्रावणं: संहती, परासरण (पडद्यातून पाणी घट्ट द्रावणाकडे जाणं), परासरणी दाब. आयनिक समतोल: पीएच, बफर, विद्राव्यता गुणाकार. रासायनिक गतिकी: फक्त पहिल्या कोटीची अभिक्रिया आणि अर्धायुष्य, कारण औषधाचं अर्धायुष्य तेच आहे. जैवरेणू: कर्बोदकं, प्रथिनं, विकरं (एन्झाइम). बारावीचं पुस्तक १६ धड्यांचं आहे. स्थायू अवस्था, विद्युत रसायन, हॅलोजन अनुजात, बहुवारिकं, सहसंबद्ध संयुगं हे नर्सिंगला जाणाऱ्या आर्ट्सच्या मुलीनं सोडून द्यावं.

रोज एक तास धरला तर दोन महिन्यांत होतं. पण परासरणावर घाई करू नका, तिथे रेंगाळा. ०.९ टक्के सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, ९००० मिलिग्रॅम भागिले ५८.५, म्हणजे १५४ मिलीमोल. मीठ पाण्यात दोन आयन देतं, म्हणून कण ३०८. रक्ताची परासारिता (कणांचं प्रमाण) साधारण २८० ते २९५, म्हणजे जवळजवळ जुळतं, पेशी ना फुगत ना आक्रसत. ५ टक्के डेक्स्ट्रोज लिटरला ५० ग्रॅम, भागिले १८०, म्हणजे २७८. ग्लुकोजचे दोन तुकडे होत नाहीत. बाटलीत असेपर्यंत हेही समपरासारी, पण शरीरात ग्लुकोज वापरला गेला की उरतं नुसतं पाणी. म्हणून मेंदूला सूज असलेल्या पेशंटला डेक्स्ट्रोज टाळतात. ३ टक्के सलाइन: ५१३ मिलीमोल, कण १०२६, पेशीतलं पाणी ओढून घेणार. आणि स्टराइल वॉटरच्या मोठ्या बाटलीत कण शून्य, ती शिरेत लागली तर तांबड्या पेशी फुटतात. चार बाटल्या मुलींसमोर ठेवा, लेबलावरून प्रत्येकीनं कण मोजायचे. एवढं जमलं तर द्रावणांचा धडा झाला असं समजा.

लॅब_टेक_औंध
सर, बाकी सगळं मान्य, सहसंबद्ध संयुगं वगळण्याला माझी हरकत आहे. पूर्ण धडा नको, पण त्यातला ईडीटीए हवाच. रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या त्याच्याशिवाय समजत नाहीत.

जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियम ईडीटीए असतं. ते कॅल्शियमला चहूबाजूंनी पकडतं, म्हणून रक्त गोठत नाही. आता नर्सनं आधी जांभळी भरली आणि उरलेलं रक्त लाल नळीत ओतलं, किंवा लाल कमी पडली म्हणून जांभळीतलं थोडं त्यात टाकलं, तर रिपोर्ट काय येतो? पोटॅशियम खूप वाढलेलं, कॅल्शियम खूप उतरलेलं. पेशंट ठणठणीत आणि वॉर्डात धावपळ. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढतं, पण कॅल्शियम असं कोसळत नाही. दोन्ही एकदम दिसले की पहिला संशय ईडीटीएवर. म्हणून जांभळी नेहमी लाल-पिवळीनंतर.

निळी नळी सायट्रेटची, २.७ मिली रक्ताला ०.३ मिली सायट्रेट, नवास एक. अर्धीच भरली तर सायट्रेट प्रमाणाबाहेर, ते तपासणीत घातलेल्या कॅल्शियमलाही खातं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो. आम्ही अशी नळी परत पाठवतो तेव्हा वॉर्डातून 'थोडं कमी असलं तर काय बिघडतं' असं विचारतात. हे बिघडतं. करड्या नळीत फ्लोराइड, ते ग्लुकोज मोडणारी विकरं थांबवतं. साध्या नळीत साखरेचा नमुना दोन तास पडून राहिला तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा खाली येतो.

ट्यूटर_नर्सिंग
लॅब_टेक यांना दुजोरा. शिवाय पहिल्या वर्षाला मुली स्वतःच्या हातानं जी लघवी तपासणी करतात तीही शुद्ध केमिस्ट्री आहे. दहावीच्या ऑक्सिडीकरण-क्षपणाबरोबरच ती शिकवावी.

बेनेडिक्ट (लघवीतल्या साखरेची चाचणी): परीक्षानळीत ५ मिली बेनेडिक्ट द्रावण, उकळी येईपर्यंत तापवायचं. रंग इथेच बदलला तर द्रावण खराब, टाकून द्यायचं. ही पायरी हमखास गाळली जाते. निळं राहिलं तर ८ थेंब लघवी, परत दोन मिनिटं उकळायचं, थंड होऊ द्यायचं. निळं म्हणजे साखर नाही, मग हिरवं, पिवळं, केशरी, विटकरी असं चढत जातं. निळ्या तांब्याच्या आयनाचं साखरेमुळे क्षपण होऊन लाल क्युप्रस ऑक्साइड बनतं. साखरेसाठी म्हणून ही खास चाचणी नाही, क्षपण करणारं काहीही चालतं. क्षपण शिकलेल्या मुलीला क जीवनसत्त्वाच्या भरमसाठ गोळ्या घेणाऱ्याचा निकाल खोटा का येतो ते विचारावं लागत नाही.

अल्ब्युमिन: नळी पाऊण भरायची, तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवायचा, म्हणजे खालचा भाग तुलनेला राहतो. ढगाळ झालं तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. ढग गेला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. ॲसिड न घालता 'पॉझिटिव्ह' लिहिणं ही नेहमीची चूक. नळीचं तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे नको.

संसर्ग_नियंत्रण
हायपोक्लोराइट (ब्लीचचं जंतुनाशक द्रावण) अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. नव्या मुलीच्या हाती पहिल्या आठवड्यात येणारं रसायन तेच असतं.

१ टक्का कसं करायचं: बाटलीवरची टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, त्यातून एक वजा, तेवढे भाग पाणी. ५ टक्क्यांच्या बाटलीला ४ भाग पाणी, म्हणजे २०० मिलीत ८००. १० टक्क्यांच्या बाटलीला ९ भाग. 'एकास नऊ' हे सूत्र म्हणून पाठ केलं आणि पुरवठादारानं ५ टक्क्यांची बाटली दिली तर हातात अर्धा टक्का येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. रोज ताजं करायचं, झाकण लावून, उन्हापासून लांब, कारण प्रकाशानं आणि उष्णतेनं ते मोडत जातं. कालच्या बादलीत वास उरतो, ताकद नाही.

रक्त सांडलं तर थेट ओतून पुसू नका. हातमोजे, वर शोषून घेणारा कागद, मग १ टक्का द्रावण कडेकडून मध्याकडे, किमान १० मिनिटं. रक्तातली प्रथिनं क्लोरीन खाऊन टाकतात, त्यामुळे थर जाड असेल तर आधी उचलायचा, मग परत ताजं द्रावण.

संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हायपोक्लोराइट मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद स्लूस रूममध्ये (वॉर्डातली घाण धुवायची खोली) जीव घाबरा होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ' असं मामा-मावशींना कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यांना थांबवणारी सिस्टर हवी आणि तिला कारण सांगता यायला हवं, नाहीतर तिचं कोण ऐकणार?

ग्लुटराल्डिहाइड २ टक्के (उपकरणं बुडवायचं जंतुनाशक): सोबतची पुडी घातल्याशिवाय काम करत नाही, कारण ती द्रावण आम्लारिधर्मी करते आणि तेव्हाच ते जंतूंच्या प्रथिनांशी जोडलं जातं. पुडी घातल्यापासून साधारण १४ दिवस, तारीख डब्यावर लिहायची. उपकरण ओलं बुडवलं की दरवेळी थोडं पाणी आत जातं, संहती उतरते, म्हणून १४ दिवस झाले नसले तरी पट्टीनं तपासायचं. आणि स्पिरिट ७० टक्केच का, ९५ का नाही? प्रथिन साकळायला पाणी लागतं. कोरडं अल्कोहोल पेशीवर कवच करून बसतं आणि लवकर उडून जातं.

पालक_कात्रज
मुलगी दहावी झाली, विज्ञानात ७२, गणितात ५५. आर्ट्स की सायन्स? सरळ सांगा.

ट्यूटर_नर्सिंग
सायन्स, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी) घ्या, गणिताऐवजी दुसरा विषय मिळतो. विज्ञानात ७२ असेल तर ४५ टक्के हाताबाहेर नाहीत, बारावी केमिस्ट्रीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल आहे, प्रॅक्टिकलचे गुण नियमित मुलीला मिळतात. बी.एस्सी. मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर जीएनएम आहेच. उलट दिशेनं, आर्ट्स करून थेट बी.एस्सी., तसा रस्ता नाही. फक्त प्रवेशपरीक्षेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका अकरावीतच वाचून ठेवा. पण विज्ञानात काठावर पास झालेल्या मुलीला मी हाच सल्ला देणार नाही, तिथे गणित_आधी यांचं म्हणणं खरं आहे.

गणित_आधी
७२ असेल तर माझीही हरकत नाही. ५५ चं गणित मात्र आत्ताच हातात घ्या. केमिस्ट्रीतही ती तिथेच अडकेल: टक्के, दशांश, एककं बदलणं. लॉगॅरिदमला भिऊ नये. पीएच ०.३ नं उतरला की हायड्रोजन आयन दुप्पट, एवढं एक लक्षात ठेवलं तर एबीजी (धमनीतल्या रक्ताच्या वायूंचा रिपोर्ट) वाचता येतो. ७.४ ला लिटरमध्ये ४० नॅनोमोल, ७.१ ला ८०. '७.४ चं ७.१ झालं, किरकोळ फरक' असं मग वाटत नाही.

वॉर्ड_ते_आयसीयू
अकरावीच्या 'द्रव्याच्या अवस्था'मधला बॉइलचा नियमही घ्या, अर्धा तास पुरतो. बी टाइप ऑक्सिजन सिलेंडरची पाण्याची क्षमता १० लिटर, भरलेला १५० बारच्या दाबाला, म्हणजे १५०० लिटर वायू. काटा ७५ वर असेल तर ७५०. मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर १५० मिनिटं, आणि पाचवा हिस्सा राखीव धरून १२०. पेशंटला सीटी स्कॅनला किंवा दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायच्या आधी हा हिशोब सिस्टरनंच करायचा असतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये स्वारगेटहून हडपसरला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, तेव्हा रस्त्याचा वेळ दुप्पट धरा.

अभ्यासिका_हडपसर
ठरवलं असं. दहावीवाल्यांपैकी विज्ञानात ज्यांची पकड आहे त्यांच्या पालकांशी पीसीबीचं बोलते, बाकीच्यांना आर्ट्सबद्दल कमीपणा वाटू देणार नाही. जीएनएमवाल्यांचा रविवारपासून तास: पहिले दोन आठवडे टक्के-दशांश-थेंब, मग नववीचे दोन धडे, दहावीचा एक, मग द्रावणं आणि आयनिक समतोल. रिकाम्या सलाइनच्या बाटल्या आणि ॲम्प्यूलची लेबलं कुणाकडे असतील तर कळवा, फक्त लेबलं हवीत, काच नको. पहिल्या सरावासाठी उदाहरण काढलंय: 'सोडियम बायकार्बोनेट ७.५ टक्के, एका ॲम्प्यूलमध्ये किती मिलीइक्विव्हॅलंट?' उत्तर २२ येतं, बरोबर ना?

रसायन_ज्यु_कॉलेज
२५ मिलीचा ॲम्प्यूल असेल तर बरोबर: ७.५ टक्के म्हणजे मिलीला ७५ मिलिग्रॅम, २५ मिलीत १८७५, भागिले ८४, म्हणजे २२.३. १० मिलीचाही ॲम्प्यूल मिळतो, त्यात ८.९ येतात. उदाहरणात आकार लिहू नका. 'ॲम्प्यूल किती मिलीचा?' असं जी मुलगी आधी विचारेल तिलाच पूर्ण गुण द्या.